विकास आराखडा लोकांसोबत करायचा असेल तर बैठकीआधी, बैठकीत आणि नंतर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या शहराला नवा विकास आराखडा करायचा आहे. नियोजन विभागात माणसं मोजकी आहेत आणि मुदत दीड वर्षाची. मागच्या वेळी सुनावणीला ठरावीक मंडळीच आली आणि आराखडा छापून झाल्यावर उरलेलं शहर विरोधात उभं राहिलं. या वेळी सगळ्या थरांतले लोक सुरुवातीपासून सहभागी व्हावेत यासाठी नेमकं काय करायचं?

बैठकीची तारीख ठरवण्याआधी एक कागद तयार करा. विभागातल्या सगळ्यांनी बसून त्यावर तीन रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात ठरून गेलेल्या गोष्टी लिहायच्या: कायद्याची बंधनं, पूररेषा, मंजूर झालेला महामार्ग, निधीची मर्यादा. दुसऱ्यात लोकांच्या म्हणण्याने बदलू शकतील अशा गोष्टी: बाजाराची जागा, कोणता रस्ता आधी घ्यायचा, रुंदीकरण करायचं की एकेरी वाहतूक, मोकळ्या भूखंडावर शाळा हवी की दवाखाना. तिसऱ्यात लोकांनीच ठरवावं आणि विभागाने ते जसंच्या तसं मान्य करावं असं: उद्यानाची रचना, प्रभागासाठी बाजूला काढलेल्या निधीतली कामं. दुसरा आणि तिसरा रकाना रिकामाच राहत असेल, तर सहभागाची प्रक्रिया सुरूच करू नका. फक्त माहिती द्या आणि ही नुसती माहिती आहे, मत मागवलेलं नाही, असं स्पष्ट सांगा. आधीच ठरलेल्या गोष्टीवर मत मागितलं की लोकांच्या ते लगेच लक्षात येतं आणि पुढच्या वेळी ते येत नाहीत. या कागदावर प्रशासनप्रमुख आणि लोकप्रतिनिधी या दोघांच्याही सह्या घ्या. नाही तर दहा बैठकांनंतर ‘हा रस्ता तर आधीच ठरला होता’ हे वाक्य भर सभेत ऐकावं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक ठिकाणी कायद्याने सहभागाची जागा प्रारूप, म्हणजे मसुद्याच्या स्वरूपातला, आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतर ठेवलेली असते, म्हणजे हरकती, सूचना आणि सुनावणी. तोपर्यंत रस्त्यांच्या रेषा आखून झालेल्या असतात आणि आरक्षणं पडलेली असतात, म्हणजे कोणती जमीन कोणत्या सार्वजनिक कामासाठी राखायची हे ठरलेलं असतं. नकाशा हातात पडल्यावर माणूस आपला भूखंड शोधतो आणि त्याच्यापुरती हरकत घेतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, तोवर त्याच्यासाठी दुसरं काही उरलेलंच नसतं. पर्यावरणविषयक निर्णयांतल्या लोकसहभागासाठी १९९८ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात म्हटलं आहे की सहभाग लवकर हवा, सर्व पर्याय खुले असताना हवा. ही अट जिथे लागू नाही तिथेही ती स्वतःहून पाळण्यासारखी आहे. अठरा महिन्यांपैकी पहिले दोन महिने तो कागद आणि कोणाकोणापर्यंत पोहोचायचं याची यादी यासाठी ठेवा. तिसऱ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत लोकांसोबत पाहणी. सातव्यापासून दहाव्यापर्यंत पर्याय मांडून त्यांवर चर्चा. त्यानंतर प्रारूप, कायदेशीर सुनावणी आणि अंतिम दुरुस्ती. माझ्या मते सहभागावर जेवढी माणसं आणि पैसा खर्च होणार आहे त्याचा दोन तृतीयांश भाग पहिल्या दहा महिन्यांतच पडायला हवा.

कोण येत नाही, आणि का

निमंत्रणं कोणत्या यादीवरून जातात ते आधी तपासा. मालमत्ताकराच्या यादीवरून गेली तर सगळे भाडेकरू सुटले. मतदारयादीवरून गेली तर हंगामी स्थलांतरित, नुकतेच आलेले आणि मुलं सुटली. नोंदणीकृत संघटनांना पत्रं पाठवली तर ज्यांची संघटनाच नाही ते सुटले, उदाहरणार्थ घरकामगार, रस्त्याकडेचे छोटे विक्रेते, नाक्यावरचे मजूर. बऱ्याचदा कोणी मुद्दाम वगळलेलं नसतं. यादीच तशी असते.

त्यामुळे चार प्रश्नांवरून नवी यादी करा. इथे कोण राहतं? इथे कोण काम करतं? इथून रोज कोण जातं? आणि इथे काही बदललं तर कोणाचं नुकसान होईल? प्रत्येक गटापुढे चार नोंदी हव्यात: मोकळा वेळ कोणता, बसण्याची जागा कोणती, बोलण्याची भाषा कोणती आणि येण्यासाठी काय गमवावं लागेल. ही शेवटची नोंद हमखास राहून जाते. रोजंदारीवरच्या माणसासाठी दोन तासांच्या बैठकीचा अर्थ अर्धा दिवसाचा रोज बुडणं असा असतो. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई अंदाजपत्रकात धरा. त्याला लालूच म्हणणारे भेटतील, पण त्याच बैठकीला बसलेला सल्लागार आणि अधिकारी दोघेही पगारी वेळेतच बसलेले असतात.

विक्रेत्यांना माल मांडण्याच्या वेळी किंवा गर्दीच्या वेळी बोलावू नका. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा बाजारातच जा. सफाई कामगार पाळी संपल्यावर हजेरीच्या ठिकाणीच भेटतात. घरकामगार बायकांना दोन कामांच्या मधली वेळ लागते, आणि सोबत लहान मुलं असतील तर ती सांभाळायला कोणीतरी हवं. अपंगांसाठी ‘सर्वांचे स्वागत आहे’ असं पत्रकात लिहून भागत नाही. उताराचं प्रमाण १:१२ पेक्षा (एक फूट चढायला बारा फूट लांबी) तीव्र नको, दार किमान ९०० मिलिमीटर मोकळं हवं, चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा हवी, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं. कागदपत्रांची एक आवृत्ती १८ पॉइंटच्या अक्षरात काढा आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी आठवडाभर आधी ठरवा. सकाळी फोन केला तर तो मिळत नाही.

बायकांच्या बैठका आधी वेगळ्या घ्या, एकत्र बैठक नंतर. वेगळ्या बैठकीत निघालेले मुद्दे एकत्र बैठकीत गटाच्या नावाने वाचून दाखवा, कोणा एकीच्या नावाने नको. भाडेकरू आणि घरमालक यांच्या बाबतीतही हेच करा. मालकासमोर भाडेकरू गळक्या नळाबद्दल बोलणार नाही.

हजेरीपत्रकावर नावाशिवाय चार गोष्टींची नोंद ठेवा: वयोगट, लिंग, वस्ती, मालक की भाडेकरू. प्रत्येक फेरीनंतर ही नोंद शहराच्या लोकसंख्येच्या आकड्यांशेजारी मांडा. समजा शहरात चाळीस टक्के लोक भाड्याने राहतात आणि बैठकांना आलेल्यांत ते पाच टक्के आहेत, तर पुढच्या फेरीत आणखी एक जाहीर सभा घेण्यात अर्थ नाही. त्या वेळात भाडेकरूंच्या वस्तीत चार छोट्या बैठका घ्या.

निरीक्षणाने किती फरक पडतो हे पाहायचं असेल तर व्हिएन्नाचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात तिथे सार्वजनिक उद्यानं कोण वापरतं याचा अभ्यास झाला. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली उद्यानात दिसेनाशा होतात आणि मुलगे मात्र येत राहतात, असं त्यात आढळलं. कारण रचनेत होतं. एकच मोठं मोकळं मैदान असलं की त्याचा ताबा चेंडू खेळणाऱ्या मुलांकडे जातो, आणि जागेसाठी भांडण्यापेक्षा मुली निघून जातात. १९९९ साली शहराने मार्गारेटेन विभागातल्या दोन उद्यानांची रचना बदलली. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा केल्या, झाडाझुडपांनी मोठ्या मैदानाचे छोटे अर्धबंदिस्त भाग पाडले. मुली परत येऊ लागल्या. ‘उद्यान हवं का?’ एवढंच विचारून हे कधीच बाहेर आलं नसतं, कारण त्याला सगळेच हो म्हणतात.

नकाशावरची बैठक

सगळ्यात जास्त माहिती देणारी आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडणारी पायरी हीच, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

नकाशा ए-शून्य आकाराच्या कागदावर छापा. या कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर असतं, त्यामुळे १:१००० प्रमाणात तो बरोबर एक चौरस किलोमीटर जागा दाखवतो. एका वस्तीसाठी हे प्रमाण उत्तम, कारण घरं ओळखू येतात. पूर्ण प्रभाग घ्यायचा असेल तर १:२०००, एखादा चौक किंवा बाजार असेल तर १:५००. शहराचा १:१०००० चा नकाशा लोकांपुढे ठेवण्यात काही हशील नाही. त्यावर माणसाला स्वतःचं घर सापडत नाही. खाली फिकट केलेलं उपग्रहचित्र, त्यावर शाळा, बसथांबा, पाण्याची टाकी, नाला, पूल अशा ओळखीच्या खुणा लोक वापरतात त्याच नावांनी लिहा. भू-वापराचे रंग आणि क्षेत्रांचे सांकेतिक क्रमांक या नकाशावरून काढून टाका. वर पारदर्शक कागद पसरा म्हणजे खालचा नकाशा पुढच्या गटालाही वापरता येतो.

एका टेबलाभोवती सहा ते आठ माणसं, चर्चा चालवणारा एक संचालक, एक टिपणं घेणारा. एका वेळी पाचपेक्षा जास्त टेबलं नकोत. दोन तासांतली पहिली दहा मिनिटं तो तीन रकान्यांचा कागद वाचून दाखवण्यासाठी. पुढची पंधरा मिनिटं प्रत्येकाने नकाशावर आपलं घर आणि रोजची वाट शोधण्यासाठी. ही पंधरा मिनिटं कापायचा मोह होतो. कापली तर नकाशा वाचायची सवय असलेले दोघे-तिघेच पुढचा वेळ बोलत राहतात. नकाशा टेबलावर ठेवताना त्यावरची उत्तर दिशा प्रत्यक्ष उत्तरेकडे फिरवून ठेवा. खिडकीबाहेरचा रस्ता आणि नकाशातला रस्ता एकाच बाजूला दिसला की लोकांना पटकन कळतं. मग चाळीस मिनिटं खुणा करण्यासाठी: लाल म्हणजे त्रासाची जागा, हिरवी म्हणजे हात लावू नये अशी, निळी म्हणजे नवं काही हवं अशी. त्यातली पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या खुणा चिकटवायच्या. पंचवीस मिनिटं गटाने तीन मुद्दे निवडण्यासाठी, वीस मिनिटं सगळ्या टेबलांनी वाचून दाखवण्यासाठी आणि शेवटची दहा मिनिटं पुढे काय होणार, कोणत्या तारखेला होणार, हे सांगण्यासाठी.

बिघडतं ते असं. अधिकारी उभा राहून चाळीस मिनिटं सादरीकरण करतो आणि उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं होतात. खुर्च्या रांगेत असतात, समोर मंच असतो, मग बोलणारे नेहमीचेच. टेबलावरचा वजनदार माणूस पेन हातात घेतो आणि बाकीचे त्याला जागा दाखवत बसतात. म्हणून पेन एक नको, खुणांचे कागद प्रत्येकाच्या हातात हवेत. ठिपके चिकटवून मतदान घेतलं तर आधी पडलेल्या ठिपक्यांभोवती पुढचे ठिपके गोळा होतात. निवड महत्त्वाची असेल तर बंद चिठ्ठीच घ्या.

प्रत्येक खुणेला क्रमांक द्या. त्याच संध्याकाळी पारदर्शक कागदाचा फोटो काढा आणि दोन दिवसांत खुणा संगणकावरच्या नकाशात चढवा. आठवडा गेला की ‘ती लाल खूण नेमकी कशाची?’ हे टिपणं घेणाऱ्यालाही आठवत नाही.

नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टींसाठी पायी फिरा. १९८९ साली टोरांटोमध्ये मेट्रॅक या संस्थेने बायकांच्या सुरक्षेच्या दृष्टीने जागेची पाहणी करण्याची एक पद्धत तयार केली. तीच आजही ठिकठिकाणी वापरली जाते. चार ते सहा जणींचा गट अंधार पडल्यावर ठरलेल्या वाटेने चालतो आणि थांबून-थांबून नोंदी करतो: दिवा कुठे नाही, पुढचं कुठे दिसत नाही, हाक मारली तर ऐकू जाईल का, निसटायला दुसरी वाट आहे का. दिवसा हीच पाहणी केली तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

अनौपचारिक वस्त्या

कागदोपत्री नसलेल्या वस्त्यांत बाहेरचे गणक पाठवून केलेली मोजणी बहुधा चुकते. लोकांना पाडापाडीची भीती असते, त्यामुळे कुठे घरं लपवली जातात तर कुठे पुनर्वसनाच्या आशेने वाढवली जातात. रहिवाशांनी स्वतः केलेली मोजणी जास्त टिकते, कारण शेजाऱ्यासमोर खोटी नोंद करणं अवघड असतं. चर्चाही अशीच रहिवाशांमार्फत होऊ शकते. नैरोबीतल्या मुकुरू या वस्तीला २०१७ साली विशेष नियोजन क्षेत्र, म्हणजे स्वतंत्र आराखडा करायचा भाग, म्हणून जाहीर केलं गेलं. तिथे सुमारे एक लाख कुटुंबं राहतात. इतक्या लोकांशी एका सभागृहात बोलता येणार नाही, म्हणून दहा घरांचा एक गट आणि असे दहा गट मिळून शंभर घरांचा गट अशी साखळी बांधली गेली आणि पुढची चर्चा त्या साखळीतून झाली. लहान शहरातही ही रचना जशीच्या तशी वापरता येते.

मोजणी सुरू करण्याआधी एक गोष्ट लेखी ठरवा: ही माहिती कोणाकडे राहणार आणि ती कशासाठी वापरायची नाही. घरनिहाय यादी वस्तीच्या समितीकडे आणि विभागाकडे बेरजा, अशी वाटणी सुरक्षित. हे न ठरवता गोळा केलेली यादी उद्या दुसऱ्या विभागाच्या हाती लागून घरं हटवायला वापरली गेली, तर लोकांनी विश्वासाने दिलेली माहितीच त्यांच्यावर उलटते.

पर्याय मांडताना

सुरुवातीच्या पाहणीत ‘काय हवं?’ विचारणं ठीक आहे. पर्यायांच्या टप्प्यावर मात्र तो प्रश्न बंद करा, कारण यादी वाढत जाते आणि निवड होत नाही. तीन पर्याय मांडा. प्रत्येकावर बांधणीचा खर्च, वर्षाचा देखभाल खर्च, बाधित होणारी घरं आणि दुकानं, आणि या पर्यायाने काय सुटणार नाही हे ठळक लिहा. देखभालीचा आकडा नसला की नेहमी सर्वांत देखणा पर्याय निवडला जातो आणि तीन वर्षांनी तो बंद पडलेला असतो.

निधीची वाटणी लोकांनी करायची असेल तर नियम आधी जाहीर हवा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं तेव्हा नुसत्या हात वर करून घेतलेल्या मतांवर पैसे वाटले गेले नाहीत. विभागाची लोकसंख्या, तिथल्या सुविधांची उणीव आणि लोकांनी ठरवलेला अग्रक्रम, असे तीन निकष जोडून वाटणी होत असे. उणिवेचा निकष नसता तर जो भाग जास्त माणसं जमवू शकतो त्यालाच जास्त पैसा गेला असता.

इथे एक खरा पेच आहे. रस्त्याची रेषा लवकर दाखवली तर जमिनीची सट्टेबाजी सुरू होते. दाखवली नाही तर ज्यांचं घर जाणार ते अंधारात राहतात. पर्यायांच्या टप्प्यावर सार्वजनिक नकाशात भूखंडाच्या हद्दींऐवजी जाड पट्टा दाखवा, आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक कुटुंबाला नकाशा लागण्याआधी घरी जाऊन सांगा. आपलं घर बाधित आहे हे भिंतीवरच्या नकाशातून कळण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

ऑनलाइन सर्वेक्षण जोडीला जरूर ठेवा. बार्सिलोनाने २०१६ मध्ये डेसिडिम हे मुक्त स्रोताचं, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेलं, ऑनलाइन व्यासपीठ आणलं, ते इतर शहरांनाही वापरता येतं. पण ऑनलाइन आलेली मतं बैठकांच्या मतांत मिसळून बेरीज करू नका. दोन्हींकडचे लोक वेगळे असतात, म्हणून आकडेही वेगळे छापा.

उत्तरांची वही

एकच काम करण्याइतकं मनुष्यबळ असेल तर हे करा. आलेला प्रत्येक मुद्दा, खुणेचा असो वा हरकतीचा, एका तक्त्यात जातो. रकाने असे: क्रमांक, कुठून आला, बोलणाऱ्याचे शब्द, विषय, आराखड्यातला संबंधित भाग, निर्णय, कारण, जबाबदार अधिकारी, तारीख. शब्द बदलू नका. ‘सातनंतर नाल्याकडेच्या वाटेने मुली शिकवणीहून येत नाहीत’ हे वाक्य ‘प्रकाशव्यवस्थेची मागणी’ असं लिहिलं की त्यातली वाट, वेळ आणि माणसं तिन्ही गेली. मग त्या वाटेऐवजी मुख्य रस्त्यावर चार दिवे लागतात आणि मागणी पूर्ण झाल्याची नोंद होते.

निर्णय चारच प्रकारचे: मान्य, अंशतः मान्य, अमान्य, दुसऱ्या विभागाकडे. अमान्य असेल तेव्हा ‘धोरणात बसत नाही’ हे कारण चालवून घेऊ नका. कोणती तरतूद आड येते, कोणता आकडा आड येतो आणि फेरविचार कोण करू शकतं, हे लिहा. प्रारूप प्रसिद्ध होण्याच्या किमान तीन आठवडे आधी ही वही त्या-त्या वस्तीत, जिथे बैठक झाली त्याच जागी, वाचून दाखवा. नकार ऐकायला लोक तयार असतात. उत्तरच न मिळणं त्यांना सहन होत नाही, आणि सुनावणीतला बराचसा संताप तिथूनच येतो.

माणसांचं गणित असं बसतं: पूर्णवेळ एक समन्वयक, नियोजन विभागातले दोघे, नकाशाचं काम जाणणारा एक आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलेले आठ-दहा संचालक. संचालक शिक्षक, आरोग्यसेविका, महाविद्यालयीन विद्यार्थी यांतून मिळतात. ज्या वस्तीत बैठक आहे तिथली भाषा बोलणारे निवडा. आराखड्याच्या एकूण खर्चाचा दहावा भाग यासाठी ठेवावा असं मी सुचवीन. सल्लागार संस्था नेमत असाल तर निविदेतच लिहा की वहीचं काम विभागाकडे राहील. बाहेरची संस्था बैठका घेऊन अहवाल देते आणि निघून जाते. लोकांना उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्यानेच ऐकायला बसलं पाहिजे.

आराखडा मंजूर झाल्यावर काम संपत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ११.३.२ हा निर्देशक शहरनियोजनात नागरी समाजाच्या थेट सहभागाची रचना आहे का आणि ती नियमितपणे, लोकशाही पद्धतीने चालते का, हे विचारतो. त्यातला ‘नियमितपणे’ हा भाग सर्वांत अवघड. प्रत्येक प्रभागात बारा ते पंधरा जणांचा देखरेख गट नेमा. इच्छुकांतून चिठ्ठी टाकून निवड, निम्म्या स्त्रिया, भाडेकरूंना राखीव जागा, मुदत दोन वर्षं. दर तिमाहीला बैठक, आणि त्या बैठकीत एकच कागद: कोणतं काम सुरू झालं, किती खर्च झाला, काय अडलं, कोणामुळे अडलं. प्रत्येक कामाच्या जागी फलकावर सुरुवातीची आणि पूर्ततेची तारीख लिहा.

वहीतल्या अमान्य मुद्द्यांना फेरतपासणीचं वर्ष लावून ठेवा. निधी नाही म्हणून नाकारलेला दवाखाना दोन वर्षांनी शक्य होऊ शकतो, आणि तेव्हा तो मुद्दा पुन्हा मांडायला तीच माणसं त्याच वस्तीत असतीलच असं नाही. त्या वर्षी तो मुद्दा विभागाने स्वतःहून देखरेख गटापुढे ठेवायचा.